पीचच्या दोन करंड्या आणि तेरा नियम

खेळांना सहसा जन्मतारीख नसते. क्रिकेट नेमकं कोणी आणि कधी सुरू केलं हे खुद्द इंग्रजांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. विटीदांडूचं तर विचारूच नका. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी अंगणात हातात काठी घेतली असणार आणि दुसऱ्याने त्याच्याकडे काहीतरी भिरकावलं असणार, यापलीकडे आपली मजल जात नाही. खेळ म्हणींसारखे असतात... सगळ्यांचे आणि कुणाचेच नाहीत.

बास्केटबॉलचं तसं नाही. त्याचं गाव ठाऊक आहे, इमारत ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे. पहिल्या दिवशी किती माणसं खेळली, चेंडू पहिल्यांदा टोपलीत कोणी टाकला, टोपल्या कोणी आणून दिल्या आणि नियम कोणी टाईप केले, हेसुद्धा नोंदलेलं आहे. २१ डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. (न्यूयॉर्क राज्यातल्या हर्किमर गावाचा 'आमच्याकडे आधी' असा एक दावा आहे. पण टाईप केलेला कागद, वर्गातल्या पोरांची नावं आणि महिन्याभरात छापून आलेले नियम, एवढा ऐवज स्प्रिंगफील्डकडे आहे, त्यामुळे मी तरी स्प्रिंगफील्डच्या बाजूने.)

पण मंडळी, तारखेपेक्षा मला जास्त कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. हा खेळ माणसांनी एकमेकांच्या अंगाला हात लावू नये म्हणून बनवला गेला. अगदी ठरवून. मारामारी होऊ नये हा या खेळाचा नुसता एक नियम नाही, तो त्याचा पाया आहे. आता आजची एनबीए पाहणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, ते सोडा. तो पाया कसा घातला गेला आणि पुढे त्याचं काय झालं, ते बघू.

तर झालं असं. १८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये एक वर्ग होता, अठरा जणांचा. ही काही शाळकरी पोरं नव्हती, चांगले दाढीमिशा फुटलेले बाप्ये होते. पुढे वायएमसीएच्या शाखा चालवायच्या, सेक्रेटरी व्हायचं, म्हणून शिकायला आलेले. अभ्यासक्रमात रोज एक तास व्यायाम सक्तीचा. हिवाळा सुरू होईपर्यंत ठीक होतं, बाहेर फुटबॉल होता (अमेरिकन फुटबॉल, तो अंगावर धावून जायचा). वसंतात बेसबॉल सुरू होणार. मधल्या काळात बाहेर बर्फ, आणि आत काय? तर जर्मन पद्धतीचे, स्वीडिश पद्धतीचे व्यायाम, कवायत, मार्चिंग. एक दोन तीन चार, हात वर, हात खाली. धसमुसळा फुटबॉल खेळून आलेल्या माणसांना हे सोसवेना. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले.

तिथला व्यायाम विभागाचा प्रमुख होता ल्यूथर गुलिक. हवाईमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला, डोक्यात सतत कल्पनांचा कारखाना चालू असलेला माणूस. वायएमसीएच्या चिन्हातला तो त्रिकोण, शरीर, मन आणि आत्मा असा, तो याच्याच डोक्यातून आलेला. याने तिसऱ्या शिक्षकाला पकडलं. वय तीस, नाव जेम्स नेस्मिथ. आतमध्ये खेळता येईल, शिकायला सोपा असेल, गंमत येईल आणि कुणाचं हाड मोडणार नाही असा नवा खेळ शोधून काढ. मुदत चौदा दिवस. आपल्याकडे साहेब लोक शुक्रवारी संध्याकाळी एखादं काम गळ्यात मारतात, त्यातलाच प्रकार!

हा नेस्मिथ मूळचा कॅनडातला, ओंटारियोमधल्या अल्मॉन्ट गावाजवळचा, स्कॉटिश घरातला. १८७० साली आईबाप दोघंही विषमज्वरात गेले, मामाने वाढवलं. मधेच शाळा सोडून लाकूडतोड्यांबरोबर काम केलं, मग परत येऊन शाळा पूर्ण केली, मॅकगिल विद्यापीठातून पदवी घेतली आणि पाद्री व्हायचं म्हणून धर्मशास्त्र शिकला. शिकता शिकता फुटबॉलही खेळत होता, आणि भावी पाद्र्याने असा राडा करायचा खेळ खेळावा हे त्याच्या आसपासच्या लोकांना मुळीच पसंत नव्हतं. त्याने पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. एका सामन्यात शेजारच्या खेळाडूने सणसणीत शिवी हासडली आणि लगेच नेस्मिथकडे वळून, तू इथे आहेस हे विसरलोच, माफ कर, असं म्हणाला. नेस्मिथने त्याला कधी एका शब्दाने टोकलं नव्हतं. तेव्हा याच्या मनात आलं की प्रवचनाने होत नाही ते मैदानावर नुसतं बरोबर खेळल्यानेही होतं. म्हणून व्यासपीठ सोडून तो स्प्रिंगफील्डला व्यायामशिक्षक व्हायला आला. बहीण ॲनी यावर फार नाराज झाली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की हा माणूस मारामारीला घाबरणारा नव्हता. कान सोलवटू नयेत म्हणून फ्लॅनेलची पट्टी डोक्याला बांधून फुटबॉलच्या मध्यभागी उभा राहणारा गडी होता. राडा त्याने आतून पाहिला होता.

आधी त्याने जुनेच खेळ आत आणून पाहिले. फुटबॉल थोडा मवाळ करून पाहिला, पण ज्यांना एकमेकांना लोळवण्यातच मजा वाटते त्यांना मवाळ फुटबॉल कसा रुचणार? सॉकर आत खेळला तर खिडक्यांची तावदानं धोक्यात. लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू फेकायचा तो खेळ) आत आणला तर काठ्या चेंडूपेक्षा माणसांना जास्त लागल्या. बारा-तेरा दिवस असे गेले. व्यायामशाळाही काही प्रशस्त नव्हती, आजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या निम्म्याहूनही लहान.

मग तो टेबलाशी बसला आणि विचार करायला लागला. पुढे त्याने हा विचार पायरी पायरीने लिहून ठेवला आहे, आणि मला सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वात जास्त आवडतो. एखाद्या मेकॅनिकने इंजिन उघडून एकेक भाग बाजूला ठेवावा तसं त्याने 'खेळ' या गोष्टीचं केलं.

सगळ्या लोकप्रिय सांघिक खेळांत चेंडू असतो. म्हणजे चेंडू हवा. लहान की मोठा? लहान चेंडूला बॅट नाहीतर काठी लागते, तो लपवताही येतो, आणि काठी म्हणजे पुन्हा डोकी फुटणार. म्हणून मोठा, हलका, नुसत्या हातांनी खेळायचा. बरं, मग फुटबॉल आत का खेळता येत नाही? कारण त्यात पाडापाडी आहे. पाडापाडी का आहे? कारण चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवायचा दुसरा मार्ग नाही. मग त्याला पळूच दिलं नाही तर? ज्याच्या हातात चेंडू आहे तो जागेवर उभा असेल तर त्याला लोळवायचं कारणच उरत नाही! इथे त्याने म्हणे चुटकी वाजवली.

किती साधी गोष्ट आहे पहा. 'पाडू नका' असा नियम कोणीही केला असता, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत मोडला असता. याने पाडायची गरज जिथून उगवते ती जागाच खणून काढली.

राहिला गोल. खांब रोवून उभा गोल केला तर चेंडू जितक्या जोरात माराल तितका फायदा, म्हणजे पुन्हा ताकद आणि दुखापत. इथे त्याला लहानपणचा एक खेळ आठवला, 'डक ऑन अ रॉक'. एका मोठ्या दगडावर एक लहान दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीचा लांबचा मावसभाऊ म्हणा. त्यात सरळ जोरात मारणाऱ्याचा दगड नेम चुकला की कुठल्या कुठे जायचा आणि तो आणायला धावताना पोरगं बाद व्हायचं. अलगद, कमान काढत टाकणारा जिंकायचा. म्हणजे गोल आडवा ठेवला, तोंड आकाशाकडे केलं, तर चेंडू वरून अलगदच पडावा लागेल, जोर उपयोगाचा नाही. आणि तो डोक्याच्या वर ठेवला म्हणजे बचाव करणाऱ्यांना त्याच्याभोवती घोळका करून उभं राहता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्सकडे दीड फुटाचे दोन चौकोनी खोके मागितले. खोके नव्हते. कोठीत पीचच्या दोन करंड्या पडल्या आहेत, त्या चालतील का, असं त्याने विचारलं. चालल्या. खोके मिळाले असते तर आज आपण या खेळाला काय म्हटलं असतं कोण जाणे, बॉक्सबॉल? त्या करंड्या नेस्मिथने वरच्या गॅलरीच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आजही जगभर ती तिथेच आहे. सात फुटी खेळाडू आले, त्यांनी वरून चेंडू आत कोंबायला सुरुवात केली, तरी एका जुन्या इमारतीच्या कठड्याची उंची कुणी बदलली नाही.

नियम तेरा. कचेरीतल्या मिस लायन्सनी ते टाईप केले, नेस्मिथने ते नोटीस बोर्डावर लावले. वर्ग आला. त्यात फ्रँक मॅहन नावाचा सगळ्यात उपद्व्यापी गडी होता, त्याने करंड्यांकडे पाहून 'झालं, आणखी एक नवा खेळ' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटलं. अठराचे नऊ-नऊ केले. युजीन लिबी आणि डंकन पॅटन हे कर्णधार. पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. चेंडू सॉकरचा. निकाल एक-शून्य. तो एकमेव गोल विल्यम चेस याने साधारण पंचवीस फुटांवरून केला. करंडीला बूड होतंच, त्यामुळे गोल झाला की चेंडू काढायला वर चढा.

पुढे मॅहननेच विचारलं की खेळाला नाव काय द्यायचं? 'नेस्मिथ बॉल' म्हणू या. नेस्मिथ हसला, म्हणाला, या नावाने कुठलाही खेळ मरेल. मग 'बास्केट बॉल' म्हणू. झालं नामकरण. नोटीस बोर्डावरचा तो टाईप केलेला कागदही मॅहनने आठवण म्हणून हळूच लांबवला होता, आणि मग प्रामाणिकपणे परत आणून दिला. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा लिलाव झाला तेव्हा त्या कागदांना ४३ लाख डॉलर आले!

इथपर्यंतची गोष्ट नेस्मिथच्या पुस्तकातली. ते त्याच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघालं, आणि सगळे लोक हीच गोष्ट सांगत आले. पण हिच्यात एक खडा निघाला आहे.

१९३९ च्या जानेवारीत, सत्त्याहत्तर वर्षांचा नेस्मिथ न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात बोलला होता. ते ध्वनिमुद्रण कॅन्सस विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना २०१५ साली सापडलं. त्यात म्हातारा शांतपणे सांगतो की पहिल्या खेळात माझी चूक झाली, नियम पुरेसे केले नव्हते. पोरांनी एकमेकांना धरायला, लाथा मारायला, बुक्क्या घालायला सुरुवात केली. शिट्टी फुंकली पण ऐकतो कोण. मी त्यांना सोडवेपर्यंत एक जण बेशुद्ध, काहींचे डोळे काळेनिळे, एकाचा खांदा निखळलेला! हे एकमेकांचा जीव घेतील अशी भीती वाटली. पण पोरंच मागे लागली, पुन्हा खेळू द्या म्हणून. तेव्हा मी आणखी नियम केले, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे चेंडू घेऊन पळायचं नाही.

म्हणजे बघा! पुस्तकातला नेस्मिथ टेबलाशी बसून चुटकी वाजवतो आणि तिसरा नियम जन्माला येतो. रेडिओवरचा नेस्मिथ निखळलेला खांदा बघून तोच नियम करतो. खरं काय?

रेडिओवर थोडक्या वेळात गोष्ट रंगवायची असते, हे मान्य. शिवाय लिहिलेला वृत्तांत बारीकसारीक तपशिलांनी भरलेला आहे. आणि तो दोन आठवडे याच वर्गाला फुटबॉल, लॅक्रॉस खेळवून बघत होता, म्हणजे फुटलेली तोंडं त्याने टेबलाशी बसायच्या आधीच पाहिली होती. तरीही मला वाटतं की रेडिओवरच्या गोष्टीत काहीतरी तथ्य आहे, आणि त्याचं कारण खुद्द तिसऱ्या नियमातच आहे. तो नियम नुसता 'पळू नका' असं म्हणून थांबत नाही. खेळाडूने जिथे चेंडू पकडला तिथूनच तो फेकला पाहिजे, पण चांगल्या वेगात पळताना चेंडू पकडला आणि त्याने थांबायचा प्रयत्न केला तर सूट द्यावी, असं त्यात आहे. ही सूट टेबलाशी बसून सुचणारी नाही. पळता माणूस एका जागी खिळ्यासारखा उभा राहू शकत नाही, हे पळत्या माणसाला पाहूनच कळतं. पाचवा नियमही तसाच. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं, तडाखा देणं, अशी यादी त्यात आहे. एकदा केलं तर फाउल, दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, आणि मुद्दाम इजा करायचा इरादा दिसला तर सामनाभर बाहेर, बदली खेळाडूही नाही. दुसऱ्या नियमात चेंडूला हाताने टोला मारा पण मुठीने नको, असं बजावलेलं आहे. सगळं कसं अनुभवाच्या शाईने लिहिल्यासारखं वाटतं. कल्पना टेबलावरची असेल, पण तिला आकार दिला तो त्या अठरा दांडगटांनी, असा माझा अंदाज.

आणि पुढे तर त्यांनी, म्हणजे खेळाडूंनी, नेस्मिथच्या मनातही नसलेली गोष्ट करून दाखवली.

चेंडू घेऊन पळायचं नाही. ठीक. मी चेंडू पकडला, दोघांनी मला घेरलं, फेकायला वाट नाही. मग मी काय करीन? चेंडू हातातून खाली टाकीन, एक टप्पा पडू देईन, आणि पलीकडे जाऊन पुन्हा पकडीन. पळालो की नाही? पळालो. चेंडू घेऊन पळालो का? छे, तेव्हा तो माझ्या हातात होताच कुठे! हाच तो ड्रिबल. अक्षरशः पळवाट. आज बास्केटबॉल म्हटलं की ज्या धप्-धप्-धप् आवाजाची आठवण येते, तो तेरा नियमांत कुठेच नाही. अडचणीत सापडलेल्या माणसांनी तो शोधला, आणि तोही दोऱ्यांनी शिवलेल्या, वाटेल तसा उसळणाऱ्या चेंडूवर. १९२७ साली नियम करणाऱ्या समितीने ठरवलं की हे फार झालं, यापुढे ड्रिबलला एकच टप्पा. त्यावर अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी इतका गदारोळ केला की समितीला निर्णय फिरवावा लागला. त्यात पुढाकार होता फॉग ॲलनचा, नेस्मिथच्याच विद्यार्थ्याचा. स्वतः नेस्मिथला ड्रिबल आवडायचा, हे मला त्याच्या मोठेपणाचं वाटतं. आपण लावलेल्या कुंपणातून पोरं निसटली आणि बाप टाळ्या वाजवतोय.

खेळ पसरला तो मात्र वणव्यासारखा. नाताळच्या सुट्टीत पोरं आपापल्या गावी गेली आणि खेळ घेऊन गेली. जानेवारी १८९२ मध्ये शाळेच्या 'द ट्रँगल' या पत्रात नियम छापून आले, ते देशभरच्या वायएमसीएंमध्ये पोचले. जवळच्या शाळेतल्या काही शिक्षिका दुपारच्या सुट्टीत आरडाओरडा ऐकून डोकावल्या आणि आम्हालाही खेळायचंय म्हणाल्या. नेस्मिथ हो म्हणाला. लवकरच बायकांचा सामना झाला आणि त्यात खेळलेल्या मॉड शर्मनशी त्याने १८९४ साली लग्न केलं. (खेळ शोधल्याचा हा एक रोख फायदा. पेटंट वगैरे त्याने घेतलं नाही.) शेजारच्या नॉर्दॅम्प्टनमध्ये स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या लिथुआनियातून आलेल्या तरुण शिक्षिकेने मुलींसाठी नियम बदलून घेतले, मैदानाचे तीन भाग केले. २२ मार्च १८९३ ला तिथे सामना झाला तेव्हा पुरुषांना प्रवेश बंद होता.

भारताचा संबंध तर पहिल्या दिवसापासूनचा म्हणता येईल, कारण वर आलेला तो डंकन पॅटन १८९४ साली बास्केटबॉल घेऊन हिंदुस्थानात आला, असं नेस्मिथने नोंदवलं आहे. पुढे १९२० साली मद्रासमध्ये हॅरी बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तेही स्प्रिंगफील्डहूनच आलेले. आणि एक गंमत. आपल्याकडे गावोगावी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दोन खांबांना जाळी बांधून जो व्हॉलीबॉल चालतो, तोही याच घरातला. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या विल्यम मॉर्गनने १८९५ साली जवळच्याच होल्योक गावच्या वायएमसीएत तो तयार केला, बास्केटबॉल ज्यांना दमवणारा वाटतो अशा जरा वयस्क मंडळींसाठी. तिथे तर दोन संघांच्या मध्ये जाळीच टांगली, अंगाला अंग लागायचा प्रश्नच मिटला.

बास्केटबॉलमध्ये मात्र तो मिटला नाही. काही वर्षांतच सामने इतके दांडगाईचे होऊ लागले की खुद्द काही वायएमसीएंनी आपल्याच पोराला घराबाहेर काढलं. मग खेळाडूंनी हॉल भाड्याने घेतले, भाडं निघावं म्हणून तिकीट लावलं, आणि उरलेले पैसे वाटून घेतले. धंदेवाईक बास्केटबॉल सुरू झाला तो असा. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून मैदानाभोवती तारेचे पिंजरे उभे राहिले आणि आत माणसं एकमेकांना त्या तारांवर आपटू लागली. शांततेसाठी जन्माला घातलेल्या खेळाला वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी पिंजरा!

नेस्मिथ तोवर पुढे निघाला होता. डेन्व्हरला जाऊन डॉक्टर झाला, आणि १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स गावी, प्रार्थना आणि व्यायाम अशी दुहेरी जबाबदारी सांभाळायला आला. बास्केटबॉलचा संघही सांभाळला. जिंकलेले ५५, हरलेले ६०. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकमेव प्रशिक्षक म्हणजे ज्याने खेळ शोधला तोच. फॉग ॲलनला प्रशिक्षक व्हायचं होतं तेव्हा नेस्मिथ त्याला म्हणाला होता म्हणे, की बास्केटबॉल काय शिकवायचा, तो तर नुसता खेळायचा असतो. ॲलनने ऐकलं नाही आणि शेकडो सामने जिंकले.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आला तेव्हा नेस्मिथकडे जायला पैसे नव्हते. प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांना येणाऱ्या प्रेक्षकांकडून वर्गणी काढून त्याला पाठवलं. आजारपणामुळे मॉडला जाता आलं नाही. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टावर होते. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला, चिखल झाला, टप्पा म्हणून पडेना. जन्माने तो ज्या देशाचा त्या कॅनडाला, ज्या देशाचं नागरिकत्व त्याने १९२५ साली घेतलं त्या अमेरिकेने १९-८ असं हरवलं. ड्रिबल नसलेला, चेंडू नुसता एकमेकांकडे फेकत खेळलेला तो सामना त्याच्या मूळ तेरा नियमांच्या किती जवळ गेला असेल! पदकं त्याच्याच हातून दिली गेली.

आता एक नाव, जे या गोष्टीत फार कमी वेळा येतं. जॉन मॅकलेंडन. १९३३ साली हा काळा मुलगा कॅन्सस विद्यापीठात आला आणि थेट नेस्मिथकडे गेला. वडिलांनी तसं सांगून पाठवलं होतं. विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलांना घेत नसत. पोहण्याच्या तलावातही मज्जाव. मॅकलेंडन उतरला तर तलावातलं पाणी उपसून टाकण्यात आलं. नेस्मिथने त्याला पंखाखाली घेतलं, खेळ शिकवला, प्रशिक्षण कसं द्यायचं ते शिकवलं (हो, तोच नेस्मिथ, ज्याला ते शिकवण्याजोगं वाटत नव्हतं). पण संघाची दारं त्याने उघडून घेतली असं काही झालं नाही, हेही लिहायला हवं. अंगाला हात लावू नका असा नियम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, नुसत्या अंगाच्या रंगावरून पोरं मैदानाबाहेर राहत होती. तो भला माणूस होता, आणि एकेका पोरापुरता उभा राहिला. तेवढंच. २८ नोव्हेंबर १९३९ ला तो लॉरेन्समध्ये वारला.

मॅकलेंडन पुढे नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमला काळ्यांच्या कॉलेजात प्रशिक्षक झाला. त्याच गावात ड्यूक विद्यापीठ, सगळं गोऱ्यांचं. १९४४ साली तिथल्या वैद्यकीय शाखेचा एक गोरा संघ फार जोरात होता, आणि मॅकलेंडनचा संघही. दोघांनी एकमेकांशी खेळणं म्हणजे त्या काळी, त्या राज्यात, तुरुंग किंवा त्याहून वाईट काहीतरी. १२ मार्च, रविवार सकाळ ठरली, कारण सगळं गाव आणि पोलीस तेव्हा चर्चमध्ये असणार. ड्यूकची मुलं गाड्यांतून आडवळणांनी आली. व्यायामशाळेची दारं आतून बंद केली. पंच होता, घड्याळ होतं, प्रेक्षक नव्हते. काळ्यांच्या एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराला कुणकुण लागली होती, पण त्याने एक अक्षर छापलं नाही. उरलेल्या जगाला हे कळायला १९९६ साल उजाडलं.

सुरुवातीला दोन्हीकडचे हात थरथरत होते. सोपे पास चुकत होते, सोपे गोल हुकत होते. मग मॅकलेंडनची पोरं त्यांच्या नेहमीच्या वेगाने धावायला लागली. ८८-४४. सामना संपल्यावर कुणीच लगेच निघालं नाही. थोडा दम घेतला, आणि दोन्ही संघ फोडून, काळे-गोरे मिसळून, पुन्हा एक डाव मांडला.